आजोबांची ट्रायम्फ आणि इतवारीतील कारखाना: चौदा महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या महाल भागातील आमच्या वाड्याच्या ओसरीत साठ वर्षे एक मोटारसायकल पोत्याखाली झाकून ठेवलेली होती. आजोबांनी ती कामठीच्या छावणीतील लिलावात घेतली, एवढेच घरात सांगत आले. ती चालती करून घेण्यासाठी मी इतवारीतील एका लहान कारखान्याकडे दिली आणि चौदा महिन्यांनी परत आणली. कारखान्याचे नाव येथे देत नाही, कारण हातात असलेल्या कामाहून अधिक काम नको, असे तेथील मिस्त्रीकाकांनी मला स्पष्ट सांगितले आहे. ज्याला खरोखर गरज असेल त्याने इतवारीत जुने सुटे भाग विकणाऱ्या कोणालाही विचारावे, पत्ता मिळतो. कारखान्यात माणसे दोनच: काका आणि मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक टर्नर.

गाडी ट्रायम्फची मॉडेल एच. इंग्लंडमधील कोव्हेंट्रीच्या या कंपनीने हे मॉडेल १९१५ ते १९२३ या काळात बनवले आणि पहिल्या महायुद्धात अशा सुमारे ३०,००० गाड्या दोस्त सैन्याला पुरवल्या. निरोप्यांनी या गाडीला ‘ट्रस्टी’, म्हणजे भरवशाची, असे नाव दिले होते. (ती कंपनी उभी करणारे सिगफ्रिड बेटमन मूळचे शत्रूच्याच देशातील, जर्मनीतील न्यूरेंबर्गचे होते, हे आठवले की त्या ‘भरवशा’ची गंमत वाटते.) साइड व्हॉल्व्हचे (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेले), एका सिलिंडरचे ५५० सीसीचे इंजिन, स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा डबा, इंजिनापासून डब्यापर्यंत साखळी आणि डब्यापासून मागच्या चाकापर्यंत मात्र पट्टा, अशी तिची रचना आहे. साखळी आणि पट्टा एकाच गाडीत नांदत असल्यामुळे ती सायकलच्या आणि आजच्या मोटारसायकलच्या बरोबर मध्ये उभी आहे, आणि तिचे मोल मला त्यातच वाटते.

काम देताना माझी अपेक्षा सरळ होती: गाडी चकचकीत व्हावी. काकांनी ती पहिल्याच भेटीत मोडीत काढली. टाकीच्या खालच्या बाजूस, सहजी दिसणार नाही अशा जागी, त्यांनी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा घासली. वरचा लाल रंग गेला, त्याखाली हिरवा निघाला, त्याखाली अस्तराचा करडा थर आणि सर्वांत तळाशी खाकी. म्हणजे घरातील लिलावाच्या गोष्टीला टाकीनेच दुजोरा दिला. मी लाल रंग नव्याने मारण्याचा आग्रह धरला तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, रंग तर कोणीही मारून देते. पण हे एकदा खरवडलं का परत येत नाही.” शेवटी लाल थर तसाच ठेवून फक्त गंज थांबवायचा आणि घासलेली जागा उघडीच ठेवायची, असे ठरले. हँडल आणि लिव्हर यांना क्रोम करून द्यायलाही त्यांनी नकार दिला. क्रोमचा मुलामा गाड्यांवर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस रुळला. त्याआधी निकेल असे. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार असते, तर क्रोमची निळसर आणि थंड. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की मेळाव्यांत मांडलेल्या निम्म्या गाड्या पाहवत नाहीत.

खरा कस लागला तो मॅग्नेटोपाशी, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रापाशी. या गाडीला बॅटरी नाही. ठिणगी मिळते ती नालाच्या आकाराच्या चुंबकात फिरणाऱ्या आर्मेचरकडून, म्हणजे तारा गुंडाळलेल्या गाभ्याकडून. त्या काळी आर्मेचरच्या तारांवर लाखेचे आवरण देत. जुनी लाख उष्णतेने मऊ पडते, आतला कंडेन्सरही निकामी होतो, आणि मग गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू होते, पण तापून बंद पडली की पुन्हा सुरू होत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे हा दोष दुप्पट वेगाने उघडा पडतो. टर्नरकाकांनी आर्मेचर नव्याने गुंडाळले, चुंबकाला पुन्हा चुंबकत्व देऊन घेतले आणि सगळा मॅग्नेटो लेथवर चढवून, बाजूला हिटर लावून, दोन तास फिरवला. ती ठिणगी पाहायला त्यांनी मला मुद्दाम भरदुपारी बोलावले होते.

इंजिनाचे हेड आणि सिलिंडर एकाच ओतकामात असल्यामुळे काजळी काढायची म्हटली तरी सबंध सिलिंडर उतरवावा लागतो. उतरवल्यावर तो लंबगोल झिजलेला निघाला. तो बोअर करून नवा पिस्टन अॅल्युमिनियमचा घालावा असे मी कुठेतरी वाचून सुचवले होते. अॅल्युमिनियम बिडापेक्षा हलके असल्यामुळे क्रँकचा तोल पुन्हा साधावा लागतो आणि ते अधिक फुगत असल्यामुळे पिस्टन व सिलिंडर यांच्यामध्ये जागाही जास्त सोडावी लागते, हे काकांनी कागदावर आकृती काढून समजावले आणि शेवटी बिडाचाच पिस्टन घडवला. ग्राहकाचे अज्ञान ते हसण्यावारी नेत नाहीत, हा या कारखान्याचा मोठा गुण.

आता तक्रारी. सहा महिन्यांचे चौदा झाले आणि १ लाख २० हजारांचा तोंडी अंदाज १ लाख ८६ हजारांवर गेला. त्यातील मोठा वाटा टायरांचा आहे. या गाडीच्या रिमला तारेच्या कडेचे आजचे टायर बसत नाहीत. रबराच्या जाड कडेचे, रिमच्या वळलेल्या ओठात अडकणारे टायर लागतात आणि ते परदेशातून मागवावे लागले. हे मला मान्य आहे. पण टायर मागवण्यापूर्वी भाव कळवला असता तर बरे झाले असते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मागच्या मडगार्डच्या काड्यांना दोन बोल्ट मेट्रिक आट्यांचे निघाले. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. जबरदस्तीने बसवलेला बोल्ट जुन्या भागाचे आटे कायमचे खातो. रंगाच्या थराबद्दल इतका जीव टाकणाऱ्या माणसाकडून हे व्हावे, याचे मला अजून नवल वाटते. दाखवल्यावर ते बदलून मिळाले, तेही विनामूल्य. टाकीच्या आत गळती रोखण्यासाठी लावलेला लेप मात्र २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने दोन महिन्यांत मऊ केला आणि कार्बोरेटरचे जेट तुंबले. लेप काढून शिवण झाळली, त्यानंतर गळती नाही.

गाडी चालते कशी, हे सांगायला हवे. रविवारी पहाटे साडेपाचला सिव्हिल लाइन्समधून सेमिनरी हिल्सकडे निघालो. एक हात हवा, पेट्रोल आणि ठिणगीची वेळ यांच्या लिव्हरांवर, दुसरा टाकीशेजारच्या गिअरच्या दांड्याकडे, आणि थोड्या थोड्या अंतराने तेलाच्या हातपंपाला एक दाब, कारण तेल इंजिनातून परत येत नाही, ते जळून आणि ठिबकून संपते. चढावर इंजिन कुरकुरले नाही. ठिणगीची वेळ थोडी मागे घेतली की ते शांतपणे ओढत राहते. थांबणे ही वेगळी कला आहे. पुढचा ब्रेक सायकलसारखा रिमवर दाबतो, मागचा पट्ट्याच्या चाकावर. चौक दिसण्याआधीच थांबायचा विचार सुरू करावा लागतो. पावसाळ्यात भिजलेला पट्टा घसरतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडी ओसरीतच राहील. परतताना तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभी केली तेव्हा गर्दी पोह्यांपेक्षा गाडीभोवती अधिक झाली.

कागदपत्रांचे काम कारखाना करत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते; नवी नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन किंवा देखभालीपुरतीच. माझी रविवारची फेरी मी देखभालीत धरतो. आजोबांच्या काळचे नोंदणीपुस्तक जपले असेल त्याने जुना क्रमांक टिकवण्याचा प्रयत्न अवश्य करावा.

चकाकी हवी असेल त्याने तेथे जाऊ नये. गाडी चालवायची आणि तिचे वय तिच्या अंगावर राहू द्यायचे असेल, तर जावे. मात्र अंदाज लेखी घ्यावा आणि गाडी देण्यापूर्वी प्रत्येक बोल्टचे छायाचित्र काढून ठेवावे. मी गेल्या आठवड्यात जेट साफ करून घ्यायला गेलो तेव्हा माझ्या जागेवर एक डग्लस मोटारसायकल उभी होती, दोन सिलिंडर पुढे-मागे आडवे असलेली. तिचा तरुण मालक रंगाच्या छटांचे पत्रक घेऊन आला होता. काकांनी ते बाजूला ठेवून त्याच्या हातात भिजवलेला पॉलिश पेपर दिला होता आणि टाकी उलटी धरली होती.