कैरोचं कुराण रेडिओ, सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या मोबाइलवर

तिलावतीसाठी, म्हणजे कुराणपठणासाठी, पाचपैकी साडेचार गुण. १९६४ मध्ये इजिप्तच्या नासर सरकारनं सुरू केलेलं हे केंद्र इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. ६४ केबीपीएसला तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो. महमूद खलील अल-हुसरींचं संथ, स्पष्ट पठण तजवीद (कुराणाच्या शुद्ध उच्चारांचे नियम) शिकणाऱ्यांसाठी सोनंच. अजान मात्र तिथल्या घड्याळाची: हिवाळ्यात सोलापूर साडेतीन तास पुढे, त्यांच्या उन्हाळी वेळेत अडीच. तिच्यावर रोजा सोडायला बसलात तर रात्र होईल! नमाजाच्या वेळांसाठी वेगळं ॲप घ्या. त्यात वेळा काढायची कराची पद्धत आणि असरला (दुपारनंतरच्या नमाजाला) हनफी पंथाची वेळ निवडा, नाहीतर असर लवकर दाखवतं. हे रेडिओ केंद्र इजिप्त सरकारचं, त्यामुळे सत्तेवर टीका इथं शोधू नका. ती यूट्यूबवर, तिथं मात्र तासाभराच्या बयानातले (प्रवचनातले) तीस सेकंदच कापून फिरतात.