हेम्प आणि विजयाच्या मालाची हेवी मेटल टेस्ट: एएएस, आयसीपी-एमएस की एक्स-रे बंदूक?

म्हापशात, फोंड्यात, पणजीत आता हेल्थ स्टोअरच्या कपाटात हेम्पच्या (कॅनाबिसचंच कमी नशेचं झाड) बिया, बियांचं तेल, प्रोटीन पावडर आणि आयुर्वेदवाल्यांचं विजया (म्हणजे भांग) तेल सर्रास दिसतं, आणि ते विकायला ठेवणारे किंवा घरच्यांसाठी विकत घेणारे बरेच जण विचारतात की शिसं, पारा वगैरेची टेस्ट कुठली करायची. मी वेर्ण्याच्या फार्मा कंपनीत क्यूसीत, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या विभागात काम करतो त्यामुळे ही मशिनं रोजची आहेत, म्हणून सांगतो. आधीच स्पष्ट करतो, गांजा गोव्यातही 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली बेकायदाच आहे आणि किनाऱ्यावर कोणी हातात ठेवतो त्या मालाबद्दल हे नाहीच. हे फक्त कायदेशीर मालाबद्दल, म्हणजे एफएसएसएआयने नोव्हेंबर 2021 मध्ये खाद्य म्हणून मान्य केलेलं बी, बियांचं तेल, पीठ, आणि आयुष लायसन्सवर बनणारी विजयाची औषधं.

टेस्ट करायची तरी का, असं विचाराल तर हे झाडच तसं आहे. मातीत कॅडमियम, शिसं, निकेल असेल ते मुळांतून वर ओढून घेतं, इतकं की 1998 मध्ये चेर्नोबिलजवळ माती साफ करायला मुद्दाम हेम्प लावून बघितला होता. त्यात फॉस्फेट खतातून कॅडमियम येतं ते वेगळंच. आणि कधी कधी माणूसच घालतो, जर्मनीत लाइपझिगला 2007-08 मध्ये वजन वाढवायला गांजात शिसं मिसळलं होतं आणि काही महिन्यांत 29 जण विषबाधेने हॉस्पिटलात गेले. अमेरिकेच्या 2005 ते 2018 च्या डेटावर 2023 मध्ये एक अभ्यास आला, त्यात नुसता गांजा वापरणाऱ्यांच्या रक्तात न वापरणाऱ्यांपेक्षा शिसं 27 टक्के आणि कॅडमियम 22 टक्के जास्त सापडलं. आता बरेच गोंयकार म्हणतील आमच्याकडे खाणींची लाल धूळ, तर मग सगळंच घाण असणार, पण ती मुख्यतः लोखंड आणि मँगनीज, या टेस्टच्या चार धातूंत (शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम) ती येतच नाही. शिवाय हा माल इथे पिकत नाही, हेम्प लागवडीला आधी परवानगी दिली ती उत्तराखंडने, 2018 मध्ये.

मशीन नंतर बघू, आधी मर्यादा. लोक इथेच चुकतात. शुद्ध वनस्पतीच्या आयुर्वेदिक औषधाला आपल्याकडे शिसं 10 पीपीएम (म्हणजे एका ग्रॅममागे 10 मायक्रोग्रॅम), आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3 असं आहे. कॅलिफोर्नियात तोंडाने घ्यायच्या कॅनाबिस मालाला शिसं 0.5 आणि कॅडमियम 0.5 पीपीएम, ओढायच्या मालाला कॅडमियम 0.2 आणि पारा 0.1. दोन्हीकडच्या शिशाच्या आकड्यात वीसपट फरक आहे, म्हणजे इथला "पास" तिथे आरामात फेल होऊ शकतो. आणि पीपीएमपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुम्ही पोटात किती घालता. औषधांच्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय नियमात शिशाचं दिवसाचं प्रमाण 5 मायक्रोग्रॅम आहे, कॅडमियमचंही तोंडाने घ्यायला 5. विजया घातलेलं मिश्र चूर्ण दिवसाला 5 ग्रॅम घेतलं आणि त्यात शिसं बरोब्बर 10 पीपीएम असलं तर 50 मायक्रोग्रॅम गेलं पोटात, दहापट, आणि रिपोर्टवर मात्र शिक्का पासचा! तेच तेल दिवसाला एक ग्रॅम घेतलं तर 10. हेम्प प्रोटीन पावडर 30 ग्रॅम शेकमध्ये टाकणाऱ्या जिमवाल्या पोराला कॅडमियम 0.3 पीपीएम असलं तर 9 मायक्रोग्रॅम. औषधाचा आकडा खाण्याला तसाच लावत नाहीत हे खरं, पण अंदाज येतो. म्हणून जास्त प्रमाणात खायची वस्तू असेल तर टेस्ट जास्त बारीक हवी, हा माझा एकच नियम.

आता मशिनं. एक्स-रे बंदूक, म्हणजे एक्सआरएफ, सोनाराकडे, भंगारवाल्याकडे असते ती. ॲसिडमध्ये विरघळवायची गरज नाही, पाकीटावर धरलं की मिनिटभरात आकडा, त्यामुळे विकणाऱ्याला ती फार आवडते. पण पानांच्या पावडरीत तिला शिसं काही पीपीएम असलं तरच दिसतं, आणि 0.3 पीपीएम कॅडमियम तर तिच्या आवाक्याबाहेरचं काम. लाइपझिगसारखी ढळढळीत भेसळ पकडायला चालेल, "शुद्ध आहे" असं सिद्ध करायला नाही. रंगातलं शिसं बघायच्या त्या स्वॅब किट तर तेलावर वापरूच नका, पैसे पाण्यात.

एएएस, म्हणजे ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन, हे जुनं, विश्वासाचं मशीन आहे, धातूचे अणू प्रकाश किती शोषतात त्यावरून ते मोजतं. पण एएएस म्हणजे एकच गोष्ट नाही, फ्लेम वेगळं, ग्राफाइट फर्नेस वेगळं, आर्सेनिकला हायड्राइड लागतं, पाऱ्याला कोल्ड व्हेपर. लॅबवाला नुसतं "एएएसवर करतो" म्हणाला तर लगेच विचारायचं, कुठलं बाबा? कारण साधा हिशेब आहे, अर्धा ग्रॅम सॅम्पल विरघळवून 50 मिली केलं की सगळं शंभरपट पातळ होतं, मग चूर्णातलं 0.3 पीपीएम कॅडमियम मशीनपुढे 3 पीपीबी (पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग) होऊन येतं. फ्लेमवर ते भरवशाने मोजणं जमत नाही. फर्नेसवर व्यवस्थित जमतं, पण एका वेळी एकच धातू, म्हणून वेळ लागतो आणि पैसेही धातूगणिक लावतात. चारही धातू करायचे ठरवलं की स्वस्त वाटणारं एएएस फारसं स्वस्त उरत नाही.

आयसीपी-एमएसमध्ये आर्गॉनच्या प्लाझ्मात सॅम्पल जातं आणि वस्तुमानाप्रमाणे अणू मोजले जातात, चारही धातू एकाच फेरीत, पीपीबीच्याही खूप खाली. महाग आहे पण आमच्या वेर्णा-कुंडईच्या फार्मा कंपन्यांत ते आता नेहमीचं झालंय, त्यामुळे बाहेरच्या टेस्टिंग लॅबही ते ठेवतात. दोन खोड्या मात्र आहेत त्याच्या. गमीत किंवा मसाल्याच्या मालात मीठ असलं तर आर्गॉन आणि क्लोरीन जुळून वस्तुमान 75 होतं आणि तेच आर्सेनिकचंही वस्तुमान, म्हणजे नसलेलं आर्सेनिक दिसायला लागतं, त्यासाठी मशीनमध्ये हीलियमवाला कोलिझन सेल वापरतात, तो ही खोटी जोडी गाळतो, तो वापरला का ते विचारा. दुसरं म्हणजे तेल नीट जळलं नाही आणि कार्बन उरला तरी आर्सेनिकचा आकडा फुगतो. आणि हो, पारा उडून जातो, म्हणून डायजेशन, म्हणजे ॲसिडमध्ये विरघळवणं, बंद भांड्यात, मायक्रोवेव्हमध्येच हवं. उघड्या बीकरमध्ये हॉटप्लेटवर उकळून काढलेला पाऱ्याचा आकडा मी तरी मानणार नाही, मशीन कितीही भारी असो. आयसीपी-ओईएस नावाचं मधलं भावंडं आहे, शिशाला ठीक, पण पारा-आर्सेनिक एवढ्या खाली त्याला जड जातं.

माझा कल असा. प्रोटीन पावडर, पीठ, सालीसकट बिया विकत असाल तर आयसीपी-एमएसच, आणि कॅडमियमची क्वांटिफिकेशन लिमिट (ज्याच्या खाली आकडा भरवशाने सांगता येत नाही ती मर्यादा) मालात 0.1 पीपीएम किंवा खाली असलीच पाहिजे. थंड दाबाने काढलेल्या बियांच्या तेलात तेवढी भीती नाही, धातू बहुतेक पेंडीतच राहतात, तिथे फर्नेस एएएसवालं एनएबीएल लॅब (एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारी संस्था) पुरेसं आहे. विजया चूर्णाला आयसीपी-एमएस. विजया तेलालाही तेच, एवढ्याचसाठी की ते रोज आणि महिनोन्महिने घेतलं जातं, आणि घेणारे बहुतेक आपले वयस्कर आईवडील असतात. विजयासोबत भस्म किंवा कज्जली (पारा-गंधकाचं मिश्रण) घातलेली गोळी असेल तर मात्र हा सगळा हिशेब लागू नाही, तिथे धातू मुद्दाम घातलेला असतो, वैद्याला विचारल्याशिवाय हातच लावू नका. व्हेप कार्ट्रिजबद्दल विचारणारेही आहेत, त्यांच्या धातूच्या भागांतून शिसं द्रवात उतरतं हे माहीत आहेच, पण ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे त्यामुळे तो प्रश्न इथे मिटला.

आता रिपोर्ट हातात आल्यावर. फोंड्याचा एक दुकानदार मला म्हणाला, "एनडी लिहिलंय ना, मग झालं!" एनडी म्हणजे नॉट डिटेक्टेड, सापडलं नाही. पण नाही झालं. एनडीच्या शेजारी किती पीपीएमच्या खाली सापडलं नाही तो आकडा नसेल तर त्या एनडीला काही अर्थ नाही, बंदुकीवरचंही एनडीच असतं. बॅच नंबर बाटलीवरचाच आहे का बघा. एनएबीएलचा शिक्का असला तरी त्या लॅबच्या स्कोपमध्ये हा धातू, ही पद्धत आणि या प्रकारचा माल आहे का ते एनएबीएलच्या साइटवर बघता येतं, पाच मिनिटांचं काम. सॅम्पल पाठवताना डब्याच्या वरचं चमचाभर काढू नका, दोनतीन पाकिटं सीलबंद पाठवा, आणि विजयाचा माल कुरियरने पुण्या-मुंबईला जात असेल तर सोबत बिल आणि लायसन्सची कॉपी ठेवा, नाहीतर चेकपोस्टवर समजावत बसाल. सप्लायर सगळ्या बॅचना एकच जुना रिपोर्ट पुढे करत असेल तर त्याची पावडर घेऊ नका, तेल घ्यायचं तर एक बॅच स्वतःच्या खर्चाने टेस्ट करून मग ऑर्डर द्या.