शाळेच्या सकाळसाठी घेतलेलं गजराचं घड्याळ, दोन महिने वापरून

जून लागला की अर्धं पुणं अप्पा बळवंत चौकात वह्यापुस्तकांना आणि लक्ष्मी रोडला युनिफॉर्मला गर्दी करतं, आम्हीपण केली, पण यंदाच्या सगळ्या शाळेच्या खरेदीत कामाला आली ती गोष्ट म्हणजे गजराचं साधं घड्याळ. वर दोन घंट्या, मध्ये हातोडी, एका पेन्सिल सेलवर चालणारं, ३८० रुपयांना एक. दोन घेतली. ऑगस्ट निम्मा झाला, आता मनापासून लिहू शकते.

घरात तीन मुलं आहेत, माझी दोन आणि जावेची एक. थोरला दहावीत, त्याची शाळा ७:१० ची. मधली चौथीत, धाकटी ज्युनिअर केजीत, त्या दोघींची ९ ची, कारण चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवायचे नाहीत असं सरकारने २०२४ मध्ये ठरवलं ना, तेव्हापासून. म्हणजे एका घरात दोन सकाळी. आत्तापर्यंत काय व्हायचं, मी मोबाईलवर चार अलार्म लावायचे आणि प्रत्येकाला हाका मारत फिरायचे, आणि थोरल्याचा स्वतःचा फोन उशाशी, तो अलार्मसाठी पाहिजे म्हणून रात्री खोलीत जायचा आणि मग साडेअकरा बारापर्यंत चालूच. मे महिन्यात तर विचारूच नका, आजोळी गच्चीवर झोपणं, त्यात आयपीएल, ९ च्या आत कोणी उठलं नाही.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, १६ जूनला शाळा सुरू होणार होती (विदर्भातल्यांना २३ जून, त्यांना एक आठवडा जास्त मिळाला). आम्ही ६ तारखेला घड्याळं आणली आणि दहा दिवस थोरल्याचा गजर रोज २० मिनिटं अलीकडे घेत गेलो, ९ वरून पावणेसहाच्या आसपास आलो. आधीच्या वर्षी मी उलटं करत होते, लवकर झोप लवकर झोप म्हणून मागे लागायचे, पण झोप येतच नसेल तर पोरगं करणार काय, या वयात झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलतं, तो काही आळशीपणा नाही हो. आधी उठणं अलीकडे आणायचं आणि उठल्यावर दहा मिनिटं बाल्कनीत उजेडात बसायचं, मग रात्रीची झोप आपोआप अलीकडे येते. आमच्याकडे बारावरून साडेनऊ पावणेदहापर्यंत आली. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि पावणेसहाला उठायचं तर साडेनऊ ही काही लहान मुलाची वेळ नाही, साधं गणित आहे. ते त्याला घड्याळाचे काटे फिरवून दाखवलं तेव्हा पटलं, मी तोंडाने दोन वर्षं सांगत होते तेव्हा नाही. संध्याकाळी ७ चा क्लास होता तोपण बदलून ५ चा घेतला.

घड्याळ त्याने स्वतःच कपाटावर ठेवलं, बंद करायला पलंगावरून उतरावंच लागतं. स्नूझचं बटण नाही, ते मला फार आवडलं. आणि फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. भांडण न होता फोन खोलीबाहेर गेला, यासाठी मी ३८० काय, हजार दिले असते.

आता त्रुटी, कारण त्या आहेत.

पहिली म्हणजे टिकटिक. मुलींच्या खोलीतलं घड्याळ रात्री एवढं वाजायचं की धाकटी उठून बसायची, "काकू ते बोलतंय" म्हणायची. तिसऱ्या दिवशी परत घेऊन गेले तर दुकानदार काका म्हणाले ताई आधी सांगायचं ना, स्वीप मशीनचं देतो, त्याचा सेकंद काटा गोल सरकत राहतो, टकटक उडत नाही. ६० रुपये जास्त घेतले आणि बदलून दिलं, कटकट न करता. लहान मुलांच्या खोलीसाठी घेणार असाल तर स्वीपच मागा आणि दुकानात कानाला लावून बघा.

दुसरी, गजराचा काटा अंदाजे असतो. पावणेसहाला लावला तर ५:३८ ला वाजला, मधलीचा ७ चा ७:०६ ला. पहिल्याच शाळेच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी दोन दिवस बघून ठेवा. आणि मागची गजराची चावी बाणाच्या दिशेनेच फिरवायची, उलटी फिरवली की अजून बिघडतं. मागचं सेलचं झाकणपण नाजूक आहे, आमच्या एकाची पट्टी तुटली, आता चिकटपट्टीवर आहे. काट्यांचं रेडियम अगदी नावापुरतं. घंटा कर्कश्श, मधली पहिल्या दिवशी दचकून रडलीच, मग हातोडीला सुती कापडाची छोटी पट्टी गुंडाळली, आता आवाज ठीक येतो.

तिसरी गोष्ट आधी त्रुटी वाटली होती. या घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही, बारा तासांनी तोच गजर परत वाजतो. मुलींचा ७ चा संध्याकाळी ७ लापण वाजायला लागला, सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या, त्या म्हणाल्या वाजू दे की, दिवेलागणीची वेळच आहे. तेव्हापासून घंटा झाली की शुभंकरोती आणि लगेच दप्तर, वेळापत्रक बघून भरायचं, नको ती पुस्तकं बाहेर. मधलीचं वजन २७ किलो, दप्तर वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं म्हणतात, म्हणजे २.७ किलोच्या आत, वजनकाट्यावर ठेवलं तर चार भरलं होतं! आता अडीचच्या आसपास असतं. सकाळी वही शोधणं बंद झालं.

धाकटीला अजून घड्याळ कळत नाही. तिच्यासाठी आजीच्या पाकिटातल्या दोन टिकल्या काचेवर लावल्या, ३ वर हिरवी, ६ वर लाल. आठ वाजले की मी सांगते, मग मोठा काटा हिरवीला टेकेपर्यंत दूध-पोळी संपवायची, लालला टेकायच्या आत बूट, कारण साडेआठला व्हॅन. पहिले चार दिवस काट्याकडे बघत बसण्यातच दूध गार व्हायचं, पण आठवड्यात जमलं. मोठ्या माणसाचं ऐकायला वेळ लावतात ही मुलं, काट्याचं लगेच ऐकतात. मधली तिला शिकवता शिकवता स्वतः "सव्वा", "पावणे" नीट बोलायला लागली, नाहीतर तिचं सगळं एट फिफ्टीनच असायचं. पुढच्या वर्षी ती पाचवीत गेली की तिचीपण सकाळची शाळा, तेव्हा तिला वेगळं घड्याळ लागेल, तेही हेच घेणार.

रोज सुरळीत होतं असं नाही. रविवारी थोरला ९ पर्यंत झोपला की सोमवारी ओढून काढावं लागतं, म्हणून आता रविवारी गजर ७ चा ठेवतो, त्याच्या पुढे नाही. दिवाळीच्या सुट्टीतपण शाळा उघडायच्या आठ-दहा दिवस आधी परत तसाच गजर अलीकडे घेत यावं लागणार.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो झाकणाचा आणि रेडियमचा.

काल व्हॅन पाच मिनिटं उशिरा आली. धाकटी बूट घालून, पाठीला दप्तर लावून जिन्यात उभी होती, परत वर आली, घड्याळ बघितलं आणि मला म्हणाली, "काकू, काटा टिकलीच्या पुढे गेला, व्हॅनकाकांकडे टिकली नाहीये का?"