हाकोनेतल्या दोन जुन्या वाटा: तोकाइदोची दगडी वाट की युसाकाची डोंगरसोंड?

तोक्योजवळच्या डोंगराळ हाकोनेची पहिली भेट बहुतेकांची ठरलेल्या क्रमानेच होते. ओवाकुदानीचा गंधकाचा धूर, रोपवे, आशी सरोवरातली बोट आणि संध्याकाळी गरम पाण्याचे कुंड एवढ्यात दिवस संपतो. दुसऱ्या भेटीत मात्र यांपैकी काहीच पुन्हा करावेसे वाटत नाही आणि पायी हिंडावे असे मनात येते. तोक्योत राहणारे मराठी स्नेही आणि भारतातून येणारे नातेवाईक मला याबाबत विचारतात, तेव्हा मी दोन वाटा सुचवतो. एक हाताजुकुहून मोतो-हाकोनेला जाणारी तोकाइदो महामार्गाची दगडी वाट आणि दुसरी आशिनोयुच्या बाजूने डोंगराच्या सोंडेवरून हाकोने-युमोतोला उतरणारी युसाका-मिची. दिवस एकच असेल तर दोन्ही जमत नाहीत, म्हणून निवड करावी लागते. पहिली वाट मी दोनदा चाललो आहे, दुसरी चारदा, आणि या आकड्यांतच माझा कल दिसून येतो.

दोन्ही वाटा एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पूर्वेकडे जाणाऱ्या माणसाला हाकोनेचा डोंगर ओलांडायचा कसा, हा तो प्रश्न. फुजी पर्वताच्या उद्रेकाने आशिगारा खिंडीतला जुना रस्ता बंद पडला, तेव्हा 802 साली हाकोनेतून रस्ता काढला गेला आणि त्याचा वारसा युसाका सांगते. कामाकुरा काळात, म्हणजे साधारण तेराव्या शतकाच्या आसपास, प्रवासी, भिक्षू आणि सैन्ये याच सोंडेवरून जात. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे त्या घराण्याच्या लष्करी शासकांनी, एदो (आजचे तोक्यो) आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो आखला, तेव्हा हाकोनेत त्यांनी खालच्या दरीतला मार्ग निवडला आणि सोंडेवरची वाट ओस पडत गेली. म्हणजे जिला आज आपण ‘जुना रस्ता’ म्हणतो ती दगडी वाट या दोघींतली धाकटी आहे.

आधी दगडी वाटेविषयी. तिच्या बाजूने सांगण्यासारखे खरोखरच पुष्कळ आहे, आणि ज्याला इतिहास डोळ्यांनी पाहायचा आहे त्याने माझे पुढचे म्हणणे वाचूनही तीच निवडली तर मला आश्चर्य वाटणार नाही. हाताजुकु हे रंगीबेरंगी लाकडांच्या पट्ट्या जोडून नक्षी साधणाऱ्या योसेगी कामाचे गाव. तिथे बसमधून उतरल्यावर थोड्याच अंतरावर, एदोपासूनचे अंतर दाखवणारे मातीचे दोन उंचवटे वाटेच्या दोन बाजूंना लागतात. त्यापुढे देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांच्या सावलीत चढण सुरू होते. पूर्वी इथे गुडघ्याएवढा चिखल होत असे, म्हणून हाकोनेचा बारीक बांबू कापून वाटेवर अंथरत. पण बांबू कुजत असल्याने तो दर वर्षी बदलावा लागे, आणि अखेर 1680 साली शोगुनांच्या सरकारने दगड बसवले. उतारावरून येणारे पाणी बाजूला काढण्यासाठी दगडांतच तिरके पाट ठेवले आहेत. सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटांच्या पायऱ्या पाहिलेल्या माणसाला ही रचना लगेच ओळखू येते आणि तिच्याविषयी आदर वाटतो.

चढणींची नावेही बोलकी आहेत. एकीवर माकडसुद्धा घसरते, असे तिचे नावच सांगते. दुसरी ओकच्या झाडाची चढण, जिथे प्रवाशाच्या डोळ्यांतून ओकच्या फळाएवढे अश्रू गळत, असे जुन्या ओळींत म्हटले आहे. ओतामा नावाच्या मुलीची कथा मला तर दर वेळी थांबवते. एदोत नोकरीला असलेली ही मुलगी घराच्या ओढीने पळाली. पुढे हाकोनेच्या नाक्यावर बाहेर जाणाऱ्या स्त्रियांची कसून तपासणी होत असे, म्हणून नाका चुकवून डोंगरातून जाताना ती पकडली गेली आणि 1702 साली तिला देहदंड झाला. तिच्या नावाचे तळे आजही वाटेपासून जवळच आहे. या चढणींनंतर आमाझाके-चाया हे गवताने शाकारलेले चहागृह लागते. तिथे तांदूळ आणि कोजी (तांदळावर वाढवलेली बुरशी) यांपासून बनवलेले, साखर न घालता गोड झालेले गरम आमाझाके मिळते, आणि त्यात मद्य नसते. अंधाऱ्या, धुराने काळवंडलेल्या त्या जागेत पेला हाती धरून बसलेल्या घटका मी माझ्या हाकोनेतल्या सर्वांत चांगल्या घटकांत मोजतो.

तरीही माझे मत फिरले, आणि ते फिरवले दगडांनीच. पहिल्यांदा आम्ही पतीपत्नी ऑक्टोबरच्या मध्यावर गेलो होतो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, पण त्या सकाळी आकाश स्वच्छ होते, म्हणून आम्हाला काळजी वाटली नाही. सुगीच्या दाट सावलीत मात्र ऊन पोहोचत नाही आणि दगड दिवसचे दिवस वाळत नाहीत. त्यांवर शेवाळाचा हिरवा थर असतो, त्यात पडलेली पाने कुजून चिकट होतात, आणि साडेतीन शतकांच्या पावलांनी दगडांचे माथे गोल झालेले असतात. ते एकमेकांशी समपातळीत नाहीत, त्यांच्यामधल्या फटी कुठे टाचेएवढ्या तर कुठे अख्ख्या पावलाएवढ्या आहेत. पत्नी एकदा घसरली, कोपर सोलपटले, एवढेच घडले. पण खरा त्रास घसरण्याचा नव्हता. चहागृहात बसल्यावर तिने मला विचारले, “दोन तासांत तुम्ही एकदा तरी मान वर करून पाहिलंत का?” आणि मला उत्तर देता आले नाही. पुढचा दगड, त्यानंतरचा दगड, काठी कुठे टेकायची, याखेरीज माझ्या डोळ्यांनी काहीही टिपले नव्हते. झाडे किती उंच होती, पक्षी कोणता बोलत होता, दरी कोणत्या हाताला होती, यातले मला काही सांगता येईना.

हा दोष वाटेचा मानावा की माझ्या बुटांचा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या काळचे प्रवासी, आणि त्यांचे घोडेसुद्धा, गवताच्या चपला घालून चालत. ओल्या दगडावर गवताची वीण धरते तसा आपल्या बुटांचा रबरी तळ धरत नाही, असा माझा अनुभव आहे. वाट बनवणाऱ्यांनी ती दुसऱ्याच पावलांसाठी बनवली होती, हे मान्य केले पाहिजे. म्हणून दुसऱ्यांदा मी एप्रिलच्या अखेरीस, चार कोरड्या दिवसांनंतर, एकटा गेलो. घसरण निम्म्याने कमी झाली, पण मान खालीच राहिली, कारण उंचसखलपणा उन्हाने जात नाही. शिवाय ही वाट सलग नाही. वळणावळणांचा डांबरी रस्ता तिला पुन्हा पुन्हा छेदतो, मध्येच लांब जिने चढावे लागतात, आणि सुटीच्या दिवशी मोटरसायकलींचा आवाज झाडीत खोलवर येतो. हे सारे सहन करता आले असते. दोन तास जंगलात असूनही जंगल न दिसणे मात्र मला सहन झाले नाही.

युसाकाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याजवळ दाखवण्यासारखे फारसे नाही हे आधीच सांगतो. युमोतोहून मोतो-हाकोनेकडे जाणारी, डोंगरावरच्या मुख्य रस्त्याची बस घ्यावी आणि ‘युसाकाजी-इरिगुची’ या थांब्यावर उतरावे. वेळ असेल तर त्याच्याही पुढे रोकुदो-जिझोच्या थांब्यापर्यंत जाऊन मागे चालत यावे. तिथे कातळात कोरलेली क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची बसलेली मूर्ती आहे, 1300 सालची. ज्वालामुखीने उजाड केलेल्या या माळाला पूर्वी लोक नरकाची सीमा मानत, म्हणून पुनर्जन्माच्या सहा गतींतल्या जीवांना तारणारी ही मूर्ती तळ्याकाठी कोरली गेली. संस्कृत नावाचा हा देव इतक्या दूरच्या डोंगरात भेटतो तेव्हा मराठी माणसाला त्याच्याशी फार ओळख करून घ्यावी लागत नाही. शेजारी, 1193 साली पित्याच्या हत्येचा सूड घेणाऱ्या सोगा बंधूंची स्मारके म्हणून ओळखले जाणारे दगडी मनोरे आहेत. एवढे पाहून झाले की युसाकावर पाहण्याच्या ‘गोष्टी’ जवळजवळ संपतात आणि चालणे सुरू होते.

थोडासा चढ चढून 834 मीटर उंचीचा ताकानोसुयामा लागतो, मग उतार, मग 802 मीटरचा सेन्गेनयामा, आणि तिथून युमोतोपर्यंत अखंड उतरण. सोंडेच्या वरच्या भागात वाट रुंद आणि गवताळ आहे, दोन्ही बाजूंना मेपल, रानचेरी आणि आसेबीची झुडपे. पायाखाली माती असते. माती पाऊल झेलते, ते कुठे पडणार याची चौकशी करत नाही, त्यामुळे डोळे मोकळे होतात. गेल्या वेळी मे महिन्यात माझे वडील, वय वर्षे एकाहत्तर, सांगलीहून आले होते आणि त्यांना मी इथेच आणले. दगडी वाटेवर एकामागे एक चालावे लागते आणि मागच्याशी बोलायचे तर थांबावे लागते. इथे आम्ही दोघे शेजारी चाललो. त्यांनी तरुणपणी पावसात केलेली पन्हाळा ते पावनखिंड ही वाटचाल पहिल्यांदाच सविस्तर सांगितली, आणि मध्येच थांबून एका झाडाच्या कोवळ्या पानांकडे काठीने बोट करत म्हणाले, “हा हिरवा रंग आपल्याकडं श्रावणात बघायला मिळतो.” अडीच तासांत आम्हाला एकूण पाच माणसे भेटली. हे मोजमाप नव्हे, एका दिवसाचा अनुभव आहे, पण चारही वेळा तो फारसा बदललेला नाही.

युसाकाच्या उणिवा मात्र लपवू नयेत. वाटेवर दुकान नाही, पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, त्यामुळे आमाझाके-चायाची सोय तिथे आठवते. आम्ही दशम्या आणि चटणी बांधून नेतो. फुजी कुठूनही दिसत नाही, उलट दगडी वाट संपते त्या मोतो-हाकोनेच्या काठावरून आकाश निरभ्र असेल तर तो सरोवरापलीकडे दिसतो. उतार एकूण सातशे मीटरांहून अधिक आहे आणि उतरणे हे गुडघ्यांना चढण्याहून जड जाते, म्हणून वडिलांना मी दोन्ही हातांत काठ्या दिल्या होत्या. गुडघे कुरकुरू लागले तर सेन्गेनयामाजवळून चिसुजी धबधब्याकडे जाणारी वाट धरावी. जेमतेम तीन मीटर उंचीचा, पण शेवाळलेल्या कातळावरून शेकडो धाग्यांनी झिरपणारा हा धबधबा पाहून कोवाकिदानी स्थानकावर डोंगरी रेल्वे पकडता येते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर युमोतोजवळच्या अगदी खालच्या टप्प्यात इथेही जुने दगड आहेत, तेही निसरडेच. पण तो शेवटचा थोडा भाग आहे, संपूर्ण वाट नव्हे.

पावसाविषयी दोन्ही वाटांना एकच गोष्ट लागू आहे. 12 ऑक्टोबर 2019 रोजी चक्रीवादळात हाकोनेत एका दिवसात 922.5 मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईकरांना 26 जुलै 2005 चा सांताक्रूझचा 944 मिलिमीटरचा आकडा आठवत असेल, त्याच्या अगदी जवळचा हा आकडा आहे. त्या पावसाने डोंगरी रेल्वे कित्येक महिने बंद पडली आणि पायवाटांचेही नुकसान झाले. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी युमोतो स्थानकाजवळच्या माहिती केंद्रात वाट खुली आहे का, हे विचारल्याशिवाय बसमध्ये बसत नाही.

आणखी एक फरक, जो नकाशावर दिसत नाही पण संध्याकाळी जाणवतो. दगडी वाट चढून शेवटी सरोवराकाठी उतरते. तिथे सहलींच्या बसगाड्या, रांगा आणि बोटींचे भोंगे असतात, आणि युमोतोच्या कुंडांपर्यंत परतायचे तर घामाने भिजलेल्या कपड्यांनी तास-पाऊण तास गर्दीच्या बसमध्ये उभे राहावे लागते. युसाका उतरते तीच गरम पाण्याच्या गावात. शेवटच्या वळणावर खालून हायाकावा नदीचा आवाज येऊ लागतो, झाडांतून छपरे दिसतात, आणि रस्ता ओलांडून थोडे चालले की दिवसापुरते आंघोळीला घेणारी कुंडे आहेत.

म्हणून ज्यांच्याजवळ दोन कोरडे दिवस आहेत, पाऊल खंबीर आहे आणि ओतामाच्या तळ्यापाशी थांबण्याची इच्छा आहे, त्यांनी हाताजुकुहून चढावे. त्यांना मी अडवणार नाही. आई-वडील बरोबर असतील, आदल्या रात्री पाऊस झाला असेल, किंवा बरोबरच्या माणसाशी बोलत चालायचे असेल, तर माझ्या मते युसाका बरी. आणि आमाझाके चुकवायचे नसेल तर सकाळी जुन्या रस्त्याच्या बसने थेट चहागृहापर्यंत जावे, एक पेला घ्यावा, बसनेच पुढे मोतो-हाकोनेला जाऊन तिथून मुख्य रस्त्याची युमोतोकडची बस पकडावी आणि रोकुदो-जिझोला उतरावे. मे महिन्यात आम्ही असेच केले आणि दुपारी तीनच्या सुमारास वडील युमोतोच्या कुंडात खांद्यापर्यंत बुडून बसले होते.