धरणातला पिंजरा की शेततळं? मच्छीमार गटासाठी पैसे लावण्याआधी

नाशिकमध्ये मच्छीमार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोकण येतं. इगतपुरीच्या बाजूला एकदा फिरून या. दारणा, मुकणे, भाम, भावली, वैतरणा, एकामागून एक धरणं. दारणा तर १९१६ सालचं. कुणाची ना कुणाची भातखाचरं पाण्याखाली गेली, आणि त्यांच्यातल्या कितीतरी घरांतली पुढची पिढी आज त्याच पाण्यात जाळं टाकते. जाळ्याला लागेल ते दोन-चार किलो विकायचं, नाही लागलं तर द्राक्षाच्या मजुरीला जायचं. अशा कुटुंबांसाठी मत्स्यपालनाचा गट उभा करायचा, नफ्यातला मोठा वाटा त्यांच्याच हातात ठेवायचा, असा विचार आम्ही चार मित्रांनी केला तेव्हा समोर दोनच वाटा होत्या. आधी दोन हंगाम निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात भाड्याच्या शेततळ्यांत काढले, मग इगतपुरीकडच्या एका धरणात पिंजरे टाकले, म्हणजे मासे वाढवायला पाण्यात तरंगत्या चौकटीला बांधलेली जाळी. दोन्हींत घाम गाळलाय, म्हणून हे लिहितोय.

शेततळ्याची बाजू आधी सांगतो, कारण ती दिसायला खूप सोपी आहे. तळं आयतं असतं. द्राक्षबागायतदारांनी ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकून बांधलेली तळी होतीच, २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर त्यांत आणखी भर पडली. बांधापर्यंत गाडी जाते. रोहू, कटला, मृगलची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पावसाळ्यात सोडली की नव्या माणसालाही काम जमतं. होडी लागत नाही, पाण्याची भीती वाटत नाही. पहिल्या वर्षी गटातल्या बायकांचा हात बसायला शेततळ्याचाच उपयोग झाला, हे मी मनापासून मान्य करतो.

पण कागदाच्या तळ्याला मातीचा तळ नसतो, त्यामुळे माशाला नैसर्गिक खाद्य कमी मिळतं. ते वाढवायला शेण टाकावं, तर शेतकरी म्हणतो ठिबकचे फिल्टर चोंदतात. त्याचंही खरंच आहे. मग सगळी भिस्त विकतच्या खाद्यावर. थंडीचाही विचार करा. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो ते आपल्याला माहीत आहे. उथळ तळं लवकर गार पडतं आणि मासा खाणं सोडतो. पंगससारखा उबेतला मासा टाकला असेल तर विचारूच नका.

मासे काढणं हा वेगळाच प्रकार. कागदाच्या उतारावर शेवाळ धरलेलं असतं, पाय टाकला की माणूस थेट पाण्यात. आम्ही चारी कोपऱ्यांना दोर बांधायचो आणि कंबरेला ट्यूब लावल्याशिवाय कुणालाही उतरू द्यायचो नाही. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांनी कागद फाटू नये म्हणून एका मावशींनी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या खालच्या दोराला गुंडाळून शिवल्या होत्या. ती युक्ती आजही सांगण्यासारखी आहे.

हे सगळं निभावता आलं असतं. निभावलं नाही ते एप्रिलचं. एप्रिलमध्ये बागांची खरड छाटणी होते आणि तिथून पुढे वेलीला पाणी हवंच. शेततळं मुळात त्यासाठीच बांधलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेली बोटुकली एप्रिलपर्यंत आमच्याकडे जेमतेम अर्ध्या किलोची व्हायची. अजून दोन महिने मिळाले तर वजनही चांगलं आणि भावही. नेमका तेव्हाच संध्याकाळी फोन यायचा, “भाऊ, परवापासून मोटर चालू करतोय, मासे तेवढे काढून घ्या.” शेतकरी भला माणूस होता, पहिल्या दिवशीच सांगून मोकळा झाला होता की पाण्याचं काही त्याच्या हातात नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही बाग वाचवली असती. पण दोन दिवसांत तळं रिकामं करायचं म्हटल्यावर व्यापारी सांगेल तो भाव. दुसऱ्या वर्षी द्राक्षाच्या क्रेटमध्ये भरलेले लहान लहान रोहू बघून गटातली एक ताई एवढंच म्हणाली, “आपण वर्षभर दुसऱ्याचं पाणी राखलं.” माझ्या मनात तराजू त्या दिवशी झुकला.

पिंजऱ्यांचं काम जास्त अवघड आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ६ बाय ४ मीटरचा, ४ मीटर खोल असा एक पिंजरा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत त्याचा खर्च ३ लाख रुपये धरला आहे. अनुदान सर्वसाधारण प्रवर्गाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. पण अनुदान हातात पडेपर्यंत खाद्याचे पैसे स्वतःच उभे करावे लागतात आणि खर्चातला अर्ध्याहून मोठा वाटा खाद्याचाच असतो. आमचे कागद एका कार्यालयात बरेच महिने पडून होते. तेवढी दमछाक गृहीत धरूनच उतरा.

रोज होडीने जायचं, अंगात लाइफ जॅकेट हवंच. जाळीवर शेवाळ बसतं, ते घासलं नाही तर आतलं पाणी खेळत नाही. रात्रीची राखण लागते. आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून शेतीसाठी पाणी सोडलं, की पाणी मागे सरकतं, पिंजरे ओढून खोल पाण्यात न्यावे लागतात आणि काठावर गुडघाभर गाळ उरतो. त्या गाळातून डोक्यावर खाद्याची गोणी नेणं मे महिन्यात जिवावर येतं. पंगस किंवा चिलापी पिंजऱ्यातून निसटून धरणात गेली तर मूळच्या माशांचं काय, हा प्रश्नही मला गंभीर वाटतो. म्हणून जाळीचं एकही छिद्र दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही. (कुणी स्वस्तात थाई मांगूरचं बी देऊ केलं तर सरळ नकार द्या, त्याच्या पालनावर बंदी आहे.)

तरीही माझा कल पिंजऱ्याकडे आहे. आमच्या धरणाचा मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे आणि हीच कुटुंबं तिची सभासद आहेत. पाणी सोडणं त्यांच्या हातात नाही, पण मासा कधी काढायचा ते त्यांच्या हातात आहे. पिंजऱ्यातून लागतील तेवढेच काढता येतात, एका दिवसात सगळं मोकळं करायची सक्ती नसते. थंडीतही खोल पाण्यात मासा बरा राहिला, निदान आमचा अनुभव तसा आहे. तुमच्या धरणावर वारा, खोली, रस्ता वेगळा असेल, तेव्हा आधी एक उन्हाळा काठावर बसून पाणी कुठपर्यंत हटतं ते बघाच. आणि गटाकडे स्वतःच्या मालकीचं तळं असेल, पाण्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नसेल, तर माझं अर्धं म्हणणं तिथेच गळून पडतं.

यंदा एप्रिलमध्ये व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा मी होडीतच होतो. लुगड्याच्या पट्ट्या शिवणाऱ्या त्याच मावशींनी फोन घेतला. त्याने भाव सांगितला. मावशींनी हातातल्या फावड्याने दोन फावडी खाद्य पाण्यावर फेकलं, मासे कसे उसळतात ते नीट बघितलं आणि म्हणाल्या, “अजून भरायचेत. पंधरा दिवसांनी फोन करा.”