सायबर सुरक्षा: पदवी की सर्टिफिकेट?

बी.ई.ला ४ वर्षं जातात. सिक्युरिटी प्लस या नवख्यांसाठीच्या सायबर सुरक्षा सर्टिफिकेटची परीक्षा ९० मिनिटांची, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० या मापात ७५० ला पास. पण दोन्ही कागद चालतात वेगवेगळ्या ठिकाणी. कॅम्पस प्लेसमेंट आणि अनेक सरकारी तांत्रिक पदांसाठी पदवी नसेल, तर अर्ज छाननीतच गळतो.

पेन्टेस्टिंगला (परवानगी घेऊन सिस्टीममध्ये घुसून त्रुटी शोधण्याच्या कामाला) मात्र ओएससीपी या सर्टिफिकेटचं वजन जास्त: २३ तास ४५ मिनिटं प्रत्यक्ष मशीन हॅक करायची, पुढच्या २४ तासांत रिपोर्ट, पास व्हायला १०० पैकी ७० गुण. स्क्रीनशॉट घ्यायचे राहिले, की मिळवलेले गुणही जातात. डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून इथे भागत नाही (सिक्युरिटी प्लसला भागलं, तरी मुलाखतीत टीसीपी हँडशेक, म्हणजे दोन संगणकांमधली जोडणी कशी सुरू होते, हे विचारलं की पितळ उघडं पडतं).

सीआयएसएसपी या अनुभवी लोकांच्या सर्टिफिकेटमागे फ्रेशरने लागू नये. त्याला ५ वर्षांचा अनुभव लागतो. संगणक, आयटी किंवा संबंधित विषयाची पदवी असेल तर त्यात १ वर्षाची सूट.

आमचा कौल पदवीला, सोबत शेवटच्या वर्षी सिक्युरिटी प्लस. पहिल्या वर्षी घाई केली, तर सर्टिफिकेटची ३ वर्षांची मुदत नेमकी प्लेसमेंटच्या सुमारास संपते.