पार्किंगला डांबर, ट्रिमिक्स की पेव्हर? आधी प्लॉट कुठला ते सांगा

दुकानांच्या किंवा ऑफिसच्या संकुलाचं पार्किंग करायचं म्हटलं की मालकाच्या हातात तीन कोटेशनं असतात: डांबर, ट्रिमिक्स काँक्रीट (ओतल्यावर जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून काढलेलं) आणि पेव्हर ब्लॉक. तो दर विचारतो, मी विचारतो, प्लॉट डोंगराकडचा की खाडीकडचा?

नवी मुंबईत महापे-रबाळ्याला, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, जेसीबीने मीटरभर उकरलं की बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो, मग सॉफ्ट रॉक. घमेल्यात ओतला की खळखळ वाजतो. ऐरोली, वाशी किंवा उलव्याच्या खाडीकडच्या प्लॉटवर तेवढंच उकरा. वर भराव, त्यात विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, कधी अख्खं पोतं. त्याखाली जुन्या खाजणाचा काळपट गाळ, फावड्याला असा चिकटतो की मजूर तो पायाने ढकलून काढतो. ठाण्यातही तसंच आहे. वागळे इस्टेटकडे मुरूम, कोलशेत-बाळकुमला खाडीकडे सरकाल तसा गाळ.

हा फरक सीबीआरमध्ये दिसतो. दाबून बसवलेली माती किती भार पेलते, ते खडीच्या तुलनेत टक्क्यांत सांगणारा हा आकडा. आपल्याकडे नमुना चार दिवस पाण्यात ठेवूनच तो काढायला हवा. चांगला मुरूम भिजूनही १० च्या वर राहतो, खाडीचा गाळ १-२ वर येतो. न भिजवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट कोणी पुढे केला तर परत पाठवा. आपलं पार्किंग चार महिने पाण्यात असतं. हायवेसाठीच्या आयआरसी ३७ या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) नियमावलीतसुद्धा सीबीआर ५ च्या खाली असेल तर आधी खालची माती सुधारायला सांगतात.

मुरमाच्या प्लॉटवर तिन्ही पर्याय चालतात, तिथे वापर बघून ठरवा. डांबर लवकर होतं, गाड्याही लवकर सोडता येतात. पण उभ्या गाडीतून ठिबकणारं ऑइल-डिझेल त्याला मऊ करतं, मे महिन्यात जागच्या जागी स्टेअरिंग फिरवलं की वरची खडी सुटते आणि पाणी साचेल तिथे पुढच्या पावसाळ्यात खड्डा. मालाचे टेम्पो रोज येत असतील तर मी ट्रिमिक्सच घेईन. १५० मिमीच्या स्लॅबला चार-साडेचार मीटरवर जॉइंट, आणि कटर दुसऱ्या दिवशीच्या आत फिरलाच पाहिजे. उशीर झाला तर काँक्रीट स्वतःची रेघ स्वतः पाडतं.

गाळावर मात्र ट्रिमिक्स नको. इमारत पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर उभी असते, ती जागची हलत नाही. पार्किंग भरावावर असतं, आणि भरावाच्या वजनाने खालचा गाळ वर्षानुवर्षं दबत राहतो. माझ्याच एका जुन्या कामात, खाडीलगतच्या संकुलात, चौथ्या वर्षी जिन्याच्या पहिल्या पायरीखाली चार बोटं फट पडली होती. स्लॅबवर सळई आपटली तर बद्द आवाज, खाली पोकळी. वरून तडा जेमतेम दिसत होता. दुरुस्ती म्हणजे ब्रेकर, राबिट (फोडलेल्या काँक्रीटचा मलबा) आणि महिनाभर बंद पार्किंग. चूक आमचीच, मालकाला 'एकदाच करून मोकळं व्हा' असं आम्हीच सांगितलं होतं.

तिथे पेव्हर असते तर चार ओळी उचलून, खाली भर घालून, तेच ब्लॉक परत बसवले असते. गाळावर मी पेव्हर सुचवतो तो यासाठीच. फक्त पेव्हर म्हणजे स्वस्त काम असं समजू नका. ६० मिमीचे ब्लॉक पायवाटेला ठीक, गाड्यांना ८० मिमी आणि हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरकी) रचना. कडेला पक्का कर्ब. ब्लॉकखालचा ग्रिट (बारीक खडीचा थर) २० ते ४० मिमी. लेव्हल जमत नाही म्हणून तिथे १०० मिमी ग्रिट ओतणारा ठेकेदार पुढच्या खड्ड्याचीच सोय करतो. चेंबरभोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळा, नाहीतर ग्रिट पाण्याबरोबर गटारात जातो आणि ब्लॉक झाकणाभोवती बशीसारखे खचतात.

खरा खर्च त्याखाली आहे. डेब्रिजचा भराव काढायचा, गाळावर जिओटेक्स्टाइल अंथरायचं, मग डबर (मोठे दगड), त्यावर २००-२०० मिमीच्या थरांत मुरूम आणि प्रत्येक थरावर रोलर. उतार मुरमावर १०० ला १ चालेल, इथे ५० ला १ ठेवा, कारण थोडा उतार जमीन खाणारच. शिवाय भरती आणि मुसळधार एकाच वेळी आली की गटार पाणी घेत नाही. ते कुठे साचू द्यायचं हे आधीच ठरवा. दुकानांच्या दारात नाही.

एक जागा दोन्ही प्लॉटवर वेगळी धरा. उंच इमारतीभोवती अग्निशमन गाडीचा पट्टा ४५ टनांच्या गाडीसाठी करावा लागतो. तो कारच्या पार्किंगच्या जाडीत बसत नाही. त्याचं डिझाइन आणि दर स्वतंत्र मागवा, मगच तिन्ही कोटेशनं शेजारी ठेवा.